नवमीला हळदकुंकू कशाला लावायचं?

१९९१ सालची खंडेनवमी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी जेटीओ, म्हणजे कनिष्ठ दूरसंचार अधिकारी, होते. वय तेवीस, ट्रेनिंग संपवून नुकतीच आलेली. एक्स्चेंज सी-डॉटचं, २५६ पोर्टांचं. कपाटाएवढी एक चौकट, तिच्यात ओळीनं बसवलेली कार्डं आणि कार्डांवर लुकलुकणारे दिवे. खोलीत एसी नव्हता आणि लागतही नव्हता. खेड्यातली धूळ आणि उन्हाळा सोसेल असंच ते यंत्र आपल्याकडच्या इंजिनियरांनी बनवलं होतं. सकाळी पोचले तेव्हा आमच्या लाइनमनमामांनी खोली झाडून पुसून घेतली होती, दाराला झेंडूचं तोरण बांधलं होतं आणि तबक तयार ठेवलं होतं. हळद, कुंकू, अक्षता, गूळखोबरं, उदबत्ती.

मी तबक घेऊन सरळ एक्स्चेंजच्या चौकटीकडे निघाले. मामा म्हणाले, "तिकडं मागनं, मॅडम. आधी हिकडं." आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेले.

ती बॅटरी रूम. लाकडी घोडीवर २४ सेल मांडलेले, प्रत्येकी २ व्होल्टचे, मिळून ४८. आम्लाचा आंबूस वास नाकात बसायचा आणि साडीला एखादा थेंब लागला तर महिन्याभरात तिथं भोक पडायचं. मामा रोज सकाळी हायड्रोमीटर बुडवून सेलचं वाचन घ्यायचे, वहीत उतरवायचे, कमी झालेल्या सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालायचे. त्या दिवशी त्यांनी एकेका सेलच्या अंगावर, टर्मिनलला धक्का न लावता, बोटानं हळदकुंकू लावलं. सगळ्या २४ सेलना. मला वाटलं, एकाला लावलं असतं तरी चाललं असतं. मामा म्हणाले, "समदं हिच्यावर उभं हाय. लाइट गेली तर गावाचा आवाज हिच्यातनं निघतोय." मग चौकट, मग गावातून येणाऱ्या तारा जिथं जोडतात ते एमडीएफ, मग शिडी, पक्कड आणि सगळ्यात शेवटी टेस्ट फोन.

गेल्या वर्षीची नवमी मी नवी मुंबईत आमच्या कंपनीच्या नॉकमध्ये केली. नॉक म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारी खोली. भिंतभर स्क्रीन, समोर ओळीनं टेबलं. मुलामुलींनी झेंडू आणले होते, लॅपटॉपना कुंकू लावणं चाललं होतं, पेढे वाटून झाले होते. सांगलीकडची एक मुलगी, दोन वर्षांपूर्वी रुजू झालेली, हातात तबक घेऊन तशीच उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, लॅपटॉप तर टायपिंगचा. आपलं यंत्र कुठंय? माझं कॉल जोडणारं फंक्शन आत्ता कुठल्या सर्व्हरवर आहे ते मला स्क्रीनवर शोधून सांगावं लागेल. उद्या ते हललं तर परत शोधावं लागेल. मग कुंकू कशाला लावायचं?"

चेष्टा नव्हती तिच्या बोलण्यात. घरी खंडेनवमीला वडिलांच्या ट्रॅक्टरपासून आईच्या शिलाई मशीनपर्यंत सगळ्याची पूजा होताना पाहिलेली मुलगी ती. मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे. प्रश्न पूजेचा आहेच, पण त्याच्या पोटात दुसरा एक जुना प्रश्न आहे: काम आणि काम करणारी वस्तू या दोन गोष्टी खरंच वेगळ्या करता येतात का?

आधी हे घडलं कसं ते सांगते. टेलिफोन कंपनीत पूर्वी प्रत्येक कामाचं स्वतंत्र यंत्र असायचं. ग्राहक कोण, त्याला कुठल्या सेवा दिल्यात हे ओळखणारं एक. कॉल जोडणारं दुसरं. इंटरनेटचा डेटा बाहेर सोडणारं तिसरं. नको ती रहदारी अडवणारं चौथं. प्रत्येकाचं कपाट वेगळं, कंपनी वेगळी, सुटी कार्डं वेगळी, शिकलेली माणसं वेगळी. ग्राहक वाढले की नवं कपाट मागवायचं. न्हावाशेवाला बोट लागायची, कस्टम्समधून सुटायला दिवस जायचे, मग ट्रक, मग क्रेन, मग महिनाभर जोडणी आणि तपासणी. ते काम मी स्वतः अनेकदा केलं आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात झालेल्या एका परिषदेत जगातल्या तेरा मोठ्या टेलिकॉम कंपन्यांनी मिळून एक निवेदन मांडलं. त्यात अमेरिकेच्या एटी अँड टी आणि व्हेरायझन होत्या, ब्रिटनची बीटी, जर्मनीची डॉइच टेलिकॉम, जपानच्या एनटीटी आणि केडीडीआय, चायना मोबाइल, स्पेनची टेलिफोनिका, ऑस्ट्रेलियाची टेल्स्ट्रा होती. म्हणणं साधं होतं: काम कपाटातून बाहेर काढा. ते सॉफ्टवेअर म्हणून, म्हणजे फंक्शन म्हणून, लिहा आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या सर्व्हरवर चालवा. एका सर्व्हरवर आज कॉल जोडणारं चालेल, उद्या डेटा सोडणारं. याला नाव मिळालं नेटवर्क फंक्शन्स व्हर्च्युअलायझेशन, थोडक्यात एनएफव्ही. पुढच्याच महिन्यात युरोपातल्या एट्सी या मानक ठरवणाऱ्या संस्थेत त्यासाठी गट उभा राहिला. एटी अँड टीनं २०२० पर्यंत आपलं ७५ टक्के नेटवर्क असं करायचं उद्दिष्ट जाहीर केलं. एप्रिल २०२० मध्ये जपानच्या राकुतेन मोबाइलनं तर पहिल्या दिवसापासून सगळं नेटवर्कच या पद्धतीवर सुरू केलं. त्याची तांत्रिक धुरा ज्यांच्याकडे होती ते तारेक अमीन त्याआधी इथेच, आपल्या जिओत होते.

मी या बदलाच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. मार्च २०२० मध्ये देश बंद झाला आणि दोन-तीन दिवसांत रहदारी ऑफिसांच्या टॉवरवरून उठून घरांच्या टॉवरवर गेली. शाळा फोनवर, बँका फोनवर, आजारी माणसांशी बोलणं फोनवर. जुनी कपाटं असती तर आम्ही बोटीची वाट बघत बसलो असतो. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रात्रीतून क्षमता वाढवली, एकही ट्रक न हलवता. त्या आठवड्यात मला मोकळं झाल्यासारखं वाटलं होतं. काम वस्तूच्या बंधनातून सुटलं होतं आणि त्यामुळे माणसांच्या उपयोगी पडलं होतं.

याच सुटकेला आमच्या धंद्यात फार लवकर अध्यात्माची भाषा चिकटली. पहिल्या ट्रेनिंगला आलेल्या शिक्षकांनी फळ्यावर खाली सर्व्हर काढला, वर फंक्शन काढलं आणि म्हणाले, हा देह आणि हा आत्मा. जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसं फंक्शन सर्व्हर बदलतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तो दृष्टान्त कोणाला माहीत नाही? वर्गातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पुढे कित्येक महिने मी नव्या मुलांना हेच सांगत होते.

ते चूक होतं. आणि ती चूक नुसती शब्दांची नव्हती, तिच्यामुळे आमच्या हातून कामातही चुका झाल्या. म्हणून ती नीट सोडवून दाखवते.

आत्मा काही करत नाही, तो साक्षी आहे, असं सांख्य आणि अद्वैत वेदान्ती सांगतात. आमचं फंक्शन तर करण्याखेरीज काही नाहीच. ते कॉल जोडतं, मोजतं, नाकारतं, लक्षात ठेवतं. शिवाय आत्म्याची प्रत काढता येत नाही. आमच्याकडे चालू फंक्शन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना नेमकं काय होतं ते बघा. पहिल्या जागी ते काम करत असतानाच त्याच्या मेमरीची पानं एकेक करून दुसऱ्या जागी उतरवली जातात. दरम्यान जी पानं बदलली ती परत उतरवायची. शेवटी उरलेल्या थोड्या पानांसाठी पहिलं क्षणभर थांबवायचं, ती पानं न्यायची आणि दुसरं सुरू करायचं. त्या क्षणाच्या आधी दोन्हीकडे जवळजवळ सारखंच काहीतरी असतं. यातलं 'तेच' कुठलं? आत्म्याविषयी हा प्रश्न उठतच नाही.

वेदान्ताच्याच घरात यासाठी जास्त नेमका शब्द आहे, लिंगदेह. पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी अशा सतरा तत्त्वांचा सूक्ष्म देह. स्थूल देह पडला की संस्कारांची गाठोडी घेऊन पुढे जातो तो हा. फंक्शन म्हणजे लिंगदेह म्हटलं तर बरंच जुळतं. त्याच्यात त्याची मांडणी असते, ग्राहकांची चालू स्थिती असते, मागच्या घटकेची आठवण असते. पण लिंगदेह देहच आहे हे विसरायचं नाही. तो अमर नाही. त्याला भोग घ्यायला स्थूल आधार लागतोच.

आता तर आम्ही त्याहीपुढे गेलो आहोत. ५जीच्या गाभ्यात फंक्शननं स्वतःजवळ काही आठवणच ठेवू नये असा प्रयत्न असतो. स्थिती बाहेरच्या साठ्यात ठेवायची, फंक्शनचे छोटे छोटे कंटेनर करायचे, एक मेला की त्याच क्षणी दुसरा उभा. मेलेला परत उठवायचा नसतो, नवा जन्माला घालायचा असतो. या रचनेबद्दल वाचताना मला पहिल्यांदा आठवले ते नागसेन भिक्खू. मिलिंदप्रश्नात ग्रीक राजा मिलिंदाशी बोलताना ते दिव्याचा दाखला देतात. रात्रीच्या पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच की वेगळी? एकही नाही, वेगळीही नाही. रात्रभर उजेड मात्र एकाच दिव्याच्या आधारानं होता. आमचं नवं नेटवर्क आत्म्याच्या भाषेपेक्षा या भाषेत जास्त खरं सांगता येतं. टिकतं ते कुठलंही एक फंक्शन नव्हे, टिकतो तो उजेड, म्हणजे ग्राहकाला मिळणारा डायल टोन.

पण नागसेनांच्या दाखल्यातही दिवा आहे. तेल आहे, वात आहे. ज्योती बदलत गेल्या तरी दिवा कोनाड्यात ठेवलेला होता आणि तो कोणीतरी ठेवलेला होता. हे मी वाचताना सोडून दिलं होतं. ते मला शिकवलं एका रात्रीनं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉल जोडणाऱ्या एका फंक्शनच्या आम्ही दोन प्रती चालवत होतो, एक पडली तर दुसरीनं सांभाळावं म्हणून. दोन्ही प्रती एकाच सर्व्हरवर बसता कामा नयेत असा नियम असतो. आमच्या भाषेत अँटी-अ‍ॅफिनिटी. हा नियम दोन प्रकारे लिहिता येतो, कडक आणि सैल. कडक म्हणजे जागा नसेल तर दुसरी प्रत उठूच नये. सैल म्हणजे जमलं तर वेगळं ठेवा, नाही जमलं तर एकत्र चालेल. आमचा नियम सैल लिहिलेला होता. एका रात्रीच्या चेंज विंडोत, म्हणजे बदलांसाठी राखलेल्या वेळेत, दुरुस्तीसाठी काही सर्व्हर रिकामे केले, जागा कमी पडली आणि दोन्ही प्रती एका सर्व्हरवर येऊन बसल्या. दुरुस्ती झाली, सगळे घरी गेले. स्क्रीनवर दोन हिरव्या खुणा होत्या. दोन म्हणजे दोन. एकोणीस दिवस त्या हिरव्याच राहिल्या.

विसाव्या दिवशी संध्याकाळी त्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला.

सदतीस मिनिटं एका मोठ्या भागातले कॉल लागत नव्हते. मी ब्रिज कॉलवर होते, पंचवीसेक जण एकाच वेळी बोलत होते आणि पहिली अकरा मिनिटं दोन्ही प्रती एकदम कशा पडल्या हेच कोणाला उमगत नव्हतं. कारण दोन्ही एकाच जागी बसल्यात हे आमच्यापैकी कोणीही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तक्रारींचा गठ्ठा आला. त्यात कऱ्हाडकडच्या एका गृहस्थांची एक ओळ होती: वडिलांच्या छातीत दुखत होतं, फोन लागेना, शेजाऱ्यांच्या मोटारसायकलवरून नेलं. वडील वाचले, हेही त्यांनी लिहिलं होतं. ती ओळ मी कापून ठेवली नाही, पण मला पाठ आहे.

मग आरसीएची बैठक. मूळ कारण शोधायची. सर्व्हर पुरवणारे म्हणाले, मदरबोर्ड कधीतरी जाणारच, म्हणून तर दोन प्रती ठेवायला सांगतो. हायपरव्हायझरवाले, म्हणजे सर्व्हर आणि फंक्शन यांच्यामधला थर सांभाळणारे, म्हणाले, आमच्या थरात काही बिघडलं नाही. फंक्शन लिहिणारे म्हणाले, दोन प्रती हव्या होत्या, दोन दिल्या. जागा वाटणारी प्रणाली सांभाळणारे म्हणाले, नियम सैल होता, तो तसाच पाळला गेला. आणि आम्ही, रोज नजर ठेवणारे, म्हणालो की अलार्म आला नाही. पाच जण बोलले आणि पाचही जण खरं बोलले. जुन्या कपाटाच्या दिवसांत हे झालं नसतं. एक कपाट, एक कंपनी, एक फोन नंबर. दोष कोणाचा हे पहिल्या तासात कळायचं. काम आणि वस्तू वेगळी केल्यावर दोष ठेवायला जागाच उरली नव्हती.

माझे आजोबा वारकरी होते. चातुर्मासात रोज ज्ञानेश्वरी वाचायचे आणि अठराव्या अध्यायाशी आले की आम्हा मुलांना बसवून घ्यायचे. गीता तिथं सांगते की कुठलंही कर्म पाच कारणांनी घडतं: अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी साधनं, त्यांचे वेगवेगळे व्यापार आणि पाचवं दैव. आजोबा बोटं मोजून म्हणायला लावायचे. त्या बैठकीत पाच जणांचं बोलणं ऐकताना माझी बोटं आपोआप मिटायला लागली.

त्याच्या पुढचा विचार असा की, जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला खरं दिसत नाही. हा विचार आमच्यासारख्यांच्या बैठकीत फार सोयीचा आहे. पाच कारणं आहेत, मी एकटा कर्ता नाही, म्हणून माझ्याकडे काही लागत नाही! पण अर्जुनाला हे ऐकवलं ते रथातून उतरून घरी जाण्यासाठी नव्हे. त्यानं तर धनुष्य उचललं. 'मी केलं' हा ताठा सोडायचा आहे, 'मी करायचं आहे' ही जबाबदारी नव्हे. यशाच्या वेळी पाच कारणं आठवावीत आणि अपयशाच्या वेळी आधी आपलं बोट मिटावं, असंच आजोबांनी शिकवलं होतं. आम्ही उलटं करत होतो. लॉकडाउनमध्ये क्षमता वाढवली तेव्हा ती 'आम्ही' वाढवली होती. सदतीस मिनिटं मात्र 'सिस्टीमनं' पाडली होती.

आणि त्या पाचांत पहिलं नाव अधिष्ठानाचं आहे. मी इतकी वर्षं पाठ म्हणत आले आणि हे कधी टोचलं नव्हतं. कर्त्याच्याही आधी, कर्म जिथं बसतं ती जागा. वैशेषिकांनीही हेच वेगळ्या वाटेनं सांगितलं आहे: कर्म हे द्रव्याच्या आश्रयानंच राहतं, अधांतरी कर्म नसतं. आमच्या शिक्षकांनी फळ्यावर सर्व्हर खाली काढला तो कमी महत्त्वाचा म्हणून. खाली असतं ते कमी महत्त्वाचं नसतं, ते पेलणारं असतं.

खरं म्हणजे आमची फंक्शनं हे रोज कबूल करतात. वेगानं डेटा हलवायची वेळ आली की तीच सांगतात, प्रोसेसरचे हे चार कोअर फक्त मला बांधून द्या, त्याला लागून असलेलीच मेमरी द्या, नेटवर्क कार्डही मधल्या कोणाला न घालता थेट माझ्या हातात द्या. कुठल्याही सर्व्हरवर चालेन म्हणणारं फंक्शन काम अवघड झालं की नेमकी जागा मागतं. यात मला काही कमीपणा वाटत नाही. देहाला देह म्हणून ओळखणं हेच शहाणपण आहे. आणि हिशेब मांडला तरी हेच निघतं. टेलिफोनच्या धंद्यात ९९.९९९ टक्के उपलब्धता मागतात, म्हणजे वर्षाकाठी सव्वापाच मिनिटांच्या आसपास बंद. सर्व्हर, हायपरव्हायझर आणि फंक्शन असे तीन थर एकावर एक उभे असतील आणि प्रत्येक थर ९९.९ टक्के भरवशाचा असेल, तर वर्षात सव्वीस तासांहून जास्त बंद पडेल. तो सव्वीस तासांचा खड्डा भरून निघतो तो प्रती वेगवेगळ्या जागी ठेवून. म्हणजे सगळा भरवसा शेवटी 'कुठे' या प्रश्नावर येऊन टेकतो. आणि 'कुठे' हा प्रश्न वस्तूचा आहे.

आणखी एक गोष्ट मनात सलते. क्लाउडच्या जगात एक म्हण रूढ आहे: सर्व्हरना घरातल्या लाडक्या प्राण्यासारखं नाव देऊन जपू नका, त्यांना गुरांसारखं वागवा. आजारी पडलं तर काढून टाका, दुसरं आणा. परदेशातल्या हजारोंच्या कळपांच्या हिशेबानं ते ठीक असेल. पण मी कोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी आहे. आमच्याकडे बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात, त्या दिवशी खांद्यावर जू ठेवत नाहीत, पुरणपोळी आधी त्यांच्या तोंडात जाते. आमच्या बैलांना नावं होती. वडील अंधारात नुसत्या श्वासावरून ओळखायचे की आज कोणाचं दुखतंय. गुरांसारखं वागवा म्हटलं तर मला हेच आठवतं! सर्व्हर बदलायला माझी ना नाही, बैलही म्हातारा होतो. पण जो आपलं ओझं वाहतो त्याला न ओळखता चालवणं याला आमच्या गावात माज म्हणतात.

तर त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. फंक्शनला कुंकू लावता येत नाही, कारण त्याला अंग नाही. लॅपटॉपला लावावं, ती आपल्या हातातली पक्कड आहे, तिचा मान आहेच. पण पहिला मान तिचा नाही. पंढरीचा विठोबाही विटेवर उभा आहे. पुंडलिकानं फेकली ती साधी वीट, कुठल्याही भट्टीतली. देव तिथं उभा राहिला म्हणून ती देवाच्या नावात जाऊन बसली, असं म्हणतात. निर्गुणाचा कितीही विचार केला तरी आमच्या वारकऱ्यांनी ती वीट काढून देवाला अधांतरी उभा केला नाही. साधे सर्व्हर, बाजारात मिळणारे, कोणीही बनवलेले, ही आमची वीट. त्याखालचं रॅक, त्याखालची वीज, त्याखालची बॅटरी. पूजा वरून खाली करत गेलो तर मुळाशी पोचायच्या आत पेढे संपतात. मामांनी ती खालून वर केली होती.

पूजा म्हणजे मला तरी एवढंच कळतं: वर्षातून एक दिवस थांबून, ज्याच्यावर आपण उभे आहोत त्याच्याजवळ जाणं, त्याला हात लावणं, नीट बघणं. त्या एकोणीस दिवसांत आमच्यापैकी एकानंही ती जागा पाहिली असती, तर दोन हिरव्या खुणा एकाच विटेवर उभ्या आहेत हे कळलं असतं.

आमचे नियम आता कडक लिहिलेले आहेत. रोज सकाळी कुठल्या फंक्शनची कुठली प्रत कुठल्या रॅकमध्ये, कुठल्या वीजवाहिनीवर आहे याची यादी निघते आणि ड्यूटीवरचा माणूस ती वाचून सही करतो. मामांच्या बॅटरीच्या वहीसारखी. नवीन मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की पहिल्या पंधरवड्यात त्यांना ऐरोलीच्या डेटा सेंटरला नेतो, रॅकसमोर उभं करतो, गरम वाऱ्याचा झोत अंगावर घ्यायला लावतो.

यंदा खंडेनवमीला त्या सांगलीच्या मुलीला घेऊन मी तिथं गेले. सर्व्हरच्या खोलीत फुलं, अक्षता, उदबत्ती काही चालत नाही. धूळ नको आणि धुराचे सेन्सर फार तीक्ष्ण असतात. आम्ही तिथं नुसते हात जोडले आणि ज्या दोन रॅकमध्ये तिच्या फंक्शनच्या दोन प्रती होत्या ती तिला दाखवली. दोन वेगळ्या ओळींत, मध्ये बारा पावलांचं अंतर. तिनं ते चालून मोजलं. मग सुरक्षा अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन खालच्या मजल्यावर बॅटरीच्या खोलीच्या दाराशी गेलो. आत जायचं नव्हतं. दाराच्या चौकटीला तिनं हळदकुंकू लावलं, उंबऱ्याबाहेर एक झेंडू ठेवला आणि निघताना उचलून घेतला.

ज्यांच्या हाताखाली असं कुठे आहे ते न दिसणारं काही चालतं, बँकेत, इस्पितळात, वीज मंडळात, रेल्वेत, त्यांना माझी विनंती आहे: येत्या नवमीला ते कुठे चालतं ते विचारा आणि एकदा तिथपर्यंत जाऊन या.